मागची छत्री

४ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र. वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तिथल्या मुलींना तू शिस्त शिकवतेस आणि त्यांच्यादेखत न फोडलेलं पाकीट कचऱ्यात टाकायला तुला जड जाईल. एवढं मी तुला ओळखते.

मी बरी आहे, घसा सोडला तर. घसा आता कायमचाच बसलाय. संध्याकाळी घरी आले की मी कुणाशी बोलत नाही, आणि बोलायला घरात कुणी नाही, त्यामुळे तेवढी सोय आहे. टाचा दुखतात. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. मी म्हटलं, चालणं हाच माझा धंदा आहे. ते म्हणाले, मग बोलणं कमी करा.

पाहुण्यांना चालत वस्ती दाखवायची आपली फेरी चालू आहे. अजूनही घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघते, जहाजमालकांच्या बंगल्यांवरून जाते आणि बंदराच्या कठड्याशी संपते. वस्ती मात्र आणखी श्रीमंत झालीय. समुद्रावरची बाकं काढून टाकली, कारण त्यांच्यावर माणसं बसायची. जुन्या स्नानगृहात मेणबत्त्यांचं दुकान आलंय, नुसत्या मेणबत्त्या, आणि त्यांतली एकही पेटवलेली नसते. कोपऱ्यावरच्या इमारतीला बाहेरून काचेची लिफ्ट बसवलीय. परवा तिच्यातून एक कुत्रा एकटाच वर गेला. माझे पाहुणे बंगल्यांचे फोटो काढायचे सोडून त्याचेच काढत बसले. त्याचा कोट माझ्या कोटापेक्षा चांगला होता, हे तुला म्हणून सांगते.

मागे चालायला मी एक बाई ठेवलीय. निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. मी त्यांना मनातल्या मनात गणितबाई म्हणते. पाहुण्यांना त्या जोडीजोडीने उभं करतात, रस्ता ओलांडताना हात धरायला लावतात. गेल्या आठवड्यात एका बँकेच्या साहेबाला त्यांनी च्युइंगगम थुंकायला लावलं. कामाला चोख आहेत. शेवटचा माणूस आला की छत्री वर करतात आणि मग मी बोलायला लागते, आपलं ठरलं होतं तसंच.

छत्री तुझीच दिलीय, लाल. नवीन घ्यायची होती, राहून गेलं.

त्या गल्लीबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस. डोंगरात थंडी असेल.

तुझी भिंगरी


२१ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. नसेना. मला बोलायची सवय आहे, ऐकणारा जांभया देत असला तरी.

मागच्या पत्रात गल्लीबद्दल लिहिणार नाही म्हटलं आणि पाकीट पेटीत पडल्यावर रात्रभर चडफडत बसले. तेव्हा आज लिहिते. कागद फाडायचा असेल तर इथे फाड, कारण पुढे आई आहे.

तू म्हणशील, हे सगळं मला ठाऊक आहे. आहेच. पण ते तू नेहमी तुझ्या बाजूने सांगतेस, एकदा माझ्या बाजूने ऐक.

समुद्रावरचा रस्ता खणला होता म्हणून आपण त्या गल्लीत वळलो. माझं काही ठरलेलं नव्हतं. पांढऱ्या बंगल्याखाली सावली होती आणि पाहुणे तापले होते, म्हणून मी थांबले. तू सगळ्यांच्या मागून आलीस, माणसं मोजलीस आणि नेहमीसारखी छत्री वर केलीस. म्हणजे सगळे आले, कर सुरू. तेवढ्यात वर सज्जातली म्हातारी खुर्चीतून उठली आणि तिनेही हात वर केला. मला वाटलं, या वस्तीत कुणीतरी माणसासारखं वागतंय. मी तर हसूनही पाहिलं. तू आईचा चेहरा ओळखलास. मला तो ओळखता आला नाही, यात माझा काय दोष? ती आपल्याला सोडून त्या जहाजाच्या कप्तानाकडे निघून गेली तेव्हा तू सातवीत होतीस आणि मी दुसरीत. मला तिची पाठ आठवते आणि हातातली पिशवी आठवते. त्यानंतर माझ्या वेण्या तू घालायला लागलीस, त्याही इतक्या घट्ट की दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहायच्या.

रस्ता दुरुस्त झाला तरी मी फेरी त्या गल्लीतून नेत राहिले, हेही खरं. तू तोंडाला कुलूप लावून मागून येत राहिलीस. मग एक दिवस बंगल्यातल्या मावशी, आईला सांभाळणाऱ्या, फाटकाशी आल्या आणि तुझा हात धरून म्हणाल्या की बाई सगळ्यांना सांगतात, माझी थोरली रोज छत्री उंचावून मला हाक मारते. त्या दिवशी फेरी संपल्यावर तू छत्री कठड्याला टेकवलीस. तुझे शब्द माझ्या कानात जसेच्या तसे आहेत: "मी तिला हाक मारत नव्हते. मी माणसं मोजत होते."

आणि गेलीस. मी समजले, दोन दिवसांनी येशील.

आता राहिलेलं सांगते. तू गेल्यावर मी काही आठवडे एकटीच फेरी काढली. पुढे तोंड आणि मागे डोळे, नाकी नऊ आले. एकदा दोन पाहुणे मेणबत्त्यांच्या दुकानात राहिले ते मला कठड्याशी पोचल्यावर कळलं. पण ते सोड. आम्ही बंगल्याखाली थांबलो की आई सज्जातून वाकायची आणि माझ्या डोक्यावरून गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहायची. आम्ही पुढे निघालो तरी ती तिकडेच पाहत असायची. तिचे डोळे तेव्हाच गेलेले होते, मोतीबिंदूने. माणसं तिला ठिपक्यांसारखी दिसतात, रंग तेवढा कळतो. पुढे माझ्या छत्रीचा पिवळा, मागे तुझ्या छत्रीचा लाल. आपण कोण ते तिने तुझ्या 'भिंगरी' या हाकेवरून ओळखलं असणार.

गणितबाईंच्या हातात तुझी छत्री दिली ती नवीन घ्यायची राहून गेली म्हणून नाही. त्यांची उंची तुझ्याएवढी आहे, म्हणून मी त्यांना कामावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी छत्री वर केली आणि आईचा हात वर गेला. मावशी म्हणाल्या, त्या दिवशी बाई नीट जेवल्या.

तेव्हापासून हे असंच चाललंय. मी वर कधी गेलेली नाही. ती बोलावत नाही, कारण मावशी सांगतात, तिचं म्हणणं असं की एकीला बोलावलं तर दुसरी दुखावेल, दोघी आपणहून येतील तेव्हा येऊ देत. आणि तुझ्यावाचून तो जिना चढायचा म्हणजे मला तुझ्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. म्हणून मी रोज खालूनच सज्जाच्या लाकडाबद्दल सांगते, कुठल्या जहाजातून आलं, खाऱ्या वाऱ्यात कसं टिकलं. कुणी विचारतं, इथे कोण राहतं? मी सांगते, एक बाई राहतात, एकट्याच. कप्तान जाऊन बरीच वर्षं झाली.

तू रागावशील. रागाव, पण लिही तरी.

भिंगरी


१० मार्च

ताई,

आजचं पत्र कामाचं आहे.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, या महिन्याच्या शेवटी. इतकी वर्षं ती नको म्हणत होती. मावशींनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी हात टेकले होते. परवा आपणहून हो म्हणाली. मावशींनी कारण विचारलं तर म्हणाली, "थोरली रोज एवढी खाली येऊन उभी राहते. एकदा तिचं तोंड बघू दे."

मावशींनी हे मला फाटकाशी सांगितलं तेव्हा गणितबाई मागे एका बाईंना चपला हातात घेऊन चालू नका म्हणून दटावत होत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा चौकोनी आहे, हनुवटीवर तीळ आहे, चष्मा आहे. दुसऱ्या कुणाची तरी आई शोभतील त्या.

मी वर जायला सांगत नाही. बोलायला सांगत नाही. माफ कर, विसरून जा, असलं काही सांगायचा मला अधिकार नाही, आणि मी स्वतः तरी कुठे विसरलेय. फक्त एक दिवस ये. छत्री घे आणि आधी चालायचीस तशी मागून चाल. माणसं मोज, शेवटचा आला की छत्री वर कर. ते तुझं काम होतं, तू कामच करत असशील, तिला हाक मारलीस असं मी कुणाला म्हणू देणार नाही. ती पाहील आणि तिचं समाधान होईल. संध्याकाळच्या गाडीने परत जा. चहालासुद्धा थांबवणार नाही.

ताई, मी फार थकलेय गं. रोज त्या सज्जाखाली उभी राहून लाकडाची माहिती सांगते आणि रोज वाटतं, आज पकडली जाणार. हे मी एकटीने इतके दिवस ओढलं. शेवटचा एक दिवस तू हात लाव.

वाट पाहते.

भिंगरी


२४ मार्च

ताई,

तुझं कार्ड पोचलं. मागे डोंगराचं चित्र, पुढे दोन वाक्यं. येणार नाही. छत्री टाकून दे.

अक्षर अजून तसंच आहे, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि आरशाला खोचून ठेवलं. रागावले आहे का? हो. आणि रागावायलाही आता त्राण राहिलं नाही, हेही आहे.

मग जे करू नये ते केलं. गणितबाईंना फेरीनंतर चहाला नेलं आणि सगळं सांगितलं. आजवर त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, वरच्या बाईंना हात हलवायची हौस आहे. मी म्हटलं, चष्मा काढा, डोक्याला रुमाल बांधा, मान जरा खाली घाला, ताई घालायची तशी. एवढ्या लांबून काय कळणार.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चहा संपवला. मग वर्गात म्हणतात तशा आवाजात म्हणाल्या, "छत्री धरीन. कुणाची मुलगी म्हणून उभी राहणार नाही."

मी म्हटलं, आजपर्यंत तेच करत होतात. त्या म्हणाल्या, आजपर्यंत मला ठाऊक नव्हतं. फेरी दुसरीकडून नेऊ या, असंही त्या म्हणाल्या. त्याचाही विचार केला. पण ती डोळे उघडणार आणि खाली कुणीच नसणार, हे मला सोसवेना. त्यापेक्षा पकडलं जाणं बरं.

परवा ऑपरेशन आहे. कळवायचं म्हणून कळवते. तुझ्यावर आता काही ओझं नाही.

भिंगरी


६ एप्रिल

ताई,

ऑपरेशन चांगलं झालं. काल ती सज्जात आली.

पाहुणे नेमके चांगले मिळाले होते. काही पाहुणे नुसते सावली शोधत येतात, हे ऐकणारे होते. एक आजोबा वहीत काहीतरी टिपून घेत होते. गणितबाई नेहमीसारख्याच होत्या, चष्मा, तीळ, सगळं जागच्या जागी. त्यांनी मला वाटेत विचारलं, अजूनही समुद्रावरच्या रस्त्याने जाता येईल, जायचं का? मी नाही म्हटलं आणि गल्लीत वळले.

ती उभीच होती. काळा चष्मा लावून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मी पिवळी छत्री मिटली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले, नाहीतर वाऱ्यात आवाज पोचत नाही. पाहुणे जमले. गणितबाईंनी मोजलं. क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि लाल छत्री वर केली.

आईने चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका सांगितलं असणार. गणितबाईंकडे तिने फार वेळ पाहिलं. हात वर गेला नाही. मी सज्जाच्या लाकडाचं सांगत होते. हे लाकूड जहाजातून आलं, म्हटलं, आणि पुढचं वाक्यच सापडेना. रोज म्हणते ते वाक्य. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी वर पाहिलं तर आई माझ्याकडे बघत होती. मग ती वळली आणि आत गेली. दार लागलं.

वही घेतलेले आजोबा म्हणाले, लाकूड कुठल्या झाडाचं? मी म्हटलं, माहीत नाही.

आज खुर्ची रिकामी होती. मावशी फाटकाशी आल्या नाहीत. गणितबाईंनी छत्री वर केलीच नाही, नुसतं मानेने खुणावलं. फेरी संपल्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, घरी जाऊन झोपा.

तू आली असतीस तर, असं मी लिहिणार होते. नाही लिहीत.

भिंगरी


१५ एप्रिल

ताई,

मी वर गेले. आधी ते सांगून टाकते, म्हणजे तू उगाच पुढची ओळ शोधत बसणार नाहीस.

खुर्ची रोज रिकामी राहिली. मग एका सकाळी, फेरी नसताना, मी तशीच निघाले. पिवळी छत्री घरीच राहिली. लाल मात्र हातात होती, का घेतली ते विचारू नकोस. फाटकावरच्या रखवालदाराने मला छत्रीशिवाय ओळखलं नाही, म्हणजे पिवळीशिवाय. म्हणाला, माल द्यायला मागच्या दाराने जा. इतके दिवस मी त्याच्यासमोर रोज घसा फोडतेय. मी म्हटलं, घरातल्या बाईंची धाकटी मुलगी आलीय म्हणून सांग. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं याचं मला त्याच्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

आत काय आहे ते तुला जाणून घ्यायचं असेल, कबूल करणार नाहीस तरी. फार काही नाही. बाहेरून केवढा दिमाख, आत दोन खोल्या वापरात आणि बाकीच्या सगळ्या सामानावर चादरी. कप्तानाचा एकही फोटो दिसला नाही. ओल मात्र सगळीकडे, समुद्राच्या बाजूची भिंत पार पोपडे आलेली. मी पाहुण्यांना इतके दिवस सांगत आले की ही भिंत खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही.

आई खिडकीकडे पाठ करून बसली होती. ती फसवलंस म्हणेल, ओरडेल, रडेल, या सगळ्यांची मी तयारी करून गेले होते. जिना चढताना उत्तरं पाठ केली होती. तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं, केसांपासून चपलांपर्यंत. आणि म्हणाली, "तू इतकी थकलीस कधी गं?"

ताई, माझी सगळी उत्तरं तिथेच राहिली.

तिने पायापाशी असलेलं तिचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पाय वर घे म्हणाली. मी बसले, पाय वर घेतले आणि रडले. लपवायचं कशाला. मला असं कुणी विचारल्याला फार दिवस झाले. तू विचारायचीस, पण तू विचारायचीस ते रागवायला.

मग ती बोलली. म्हणाली, मी रोज लाल रंगाची वाट बघत बसायचे. पिवळी आधी यायची, म्हणजे आता मागून ती येईल, एवढंच माझ्या मनात असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. मागे कुणी परकी बाई होती आणि पुढे तू होतीस, पाय ओढत. आत जाऊन बसले ती रागाने नाही, लाजेने. इतके दिवस रोज आलेल्या मुलीला मी कधी हातच केला नाही.

तुझ्याबद्दल म्हणाली, ती आली नाही ना? मी नाही म्हटलं. "तिचं बरोबर आहे," म्हणाली. तिने तुझ्यावर काही आरोप ठेवला नाही, म्हणून हे जसंच्या तसं लिहिते. छत्री म्हणजे हाक नव्हती, माणसं मोजायची खूण होती, हेही मी सांगून टाकलं. ती थोडी हसली. म्हणाली, म्हणजे त्या मोजणीत मी नव्हतेच म्हणायची.

मी तिला माफ केलं का, असं मनात येईल तुझ्या. मला ठाऊक नाही. त्या पिशवीचा राग अजून जागेवर आहे. ती पाठ अजून दिसते. पण तिथे बसायला मिळालं, ताई, आणि मी बसले. सध्या माझं एवढंच आहे.

आता फेरीनंतर मी अर्धा तास वर जाते. पाय वर घेते. ती फारसं बोलत नाही, मलाही घशामुळे बरं पडतं. गणितबाई पांढरा रुमाल उंचावून खूण करतात, त्यांना तो जास्त शिस्तीचा वाटतो. काल सज्जाखाली एका पाहुणीने विचारलं, इथे कोण राहतं? मी म्हटलं, माझी आई. सगळे हसले, त्यांना वाटलं फेरीतला विनोद आहे. वरून आईने हात केला. या वेळी मला. तेव्हा कुणी हसलं नाही.

तुला ये म्हणत नाही. खरंच म्हणत नाही. तुझं कार्ड आरशाला अजून आहे आणि त्यातल्या पहिल्या वाक्याला मी मान देते.

दुसरं वाक्य मात्र माझ्याच्याने झालं नाही. लाल छत्री मी त्या दिवशी आईच्या दाराशी, आतल्या बाजूला, कोपऱ्यात उभी करून ठेवली ती तिथेच आहे. मावशी तिच्यावरची धूळ पुसतात. टाकून द्यायची असेल तर तूच येऊन टाक.

भिंगरी